पाहुणे येईपर्यंतचा धवला

टीव्हीवरचे निवेदक रोज संध्याकाळी शेजारी देशाचं एकेक शहर जिंकत होते, त्या मे महिन्यात आमच्या वाद्यवृंदापुढचा सगळ्यात गंभीर प्रश्न मास्तरांच्या वरच्या दोन दातांचा होता.

मास्तर क्लॅरिनेट वाजवतात. क्लॅरिनेट ओठांनी वाजतं असा माझाही बरीच वर्षं समज होता. खरं तर खालचा ओठ फक्त उशीचं काम करतो. वाद्य टेकलेलं असतं वरच्या पुढच्या दातांवर. दात हलले की सूर हलतो. मास्तरांचे चांगलेच हलत होते, आत पू झाला होता आणि अंगात साखर होती. दात काढायचे हे ठरलेलंच होतं. वाद फक्त कधी काढायचे याचा होता.

आमचा वाद्यवृंद हौशी. कापडाचे यंत्रमाग चालवणाऱ्या एका लूमवाल्याचं अ‍ॅकॉर्डियन, एका शाळामास्तरचं मँडोलिन, सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका हवालदाराचे ड्रम, अशी दहा-बारा माणसं. मी दुसरं व्हायोलिन वाजवते आणि पहिल्या व्हायोलिनच्या आड लपते. सगळी नोकरी वाचनालयात झाल्यामुळे मला हळू बोलायची सवय आहे, म्हणून निवेदनही माझ्याकडेच आलं. निवेदक थोडक्यात आटोपतो आणि कुणालाही 'सुरांचा बादशहा' म्हणत नाही, हे मराठी श्रोत्यांना चमत्कारिक वाटतं, पण आमच्याकडे त्याची सवय झाली आहे.

दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या प्रत्येक रविवारी, आम्ही काल्हेर या गोडाऊनांनी भरलेल्या गावात एका गोडाऊनच्या फलाटावर वाजवतो. फुकट, कुणीही यावं. माल चढवायचा फलाट ट्रकच्या उंचीचा असतो, त्यामुळे स्टेज बांधावं लागत नाही. मागची पत्र्याची भिंत आवाज पुढे फेकते. समोर ट्रक वळवायला मोकळं आवार आहे, तिथे लोक बसतात. बाजूला उभ्या ट्रकच्या टपांवर ड्रायव्हर लोक बसतात, ती आमची बाल्कनी. जुन्या चित्रपटांच्या चाली, एखादा तीन ठोक्यांचा पाश्चात्य वॉल्ट्झ, एखादी लष्करी धून, कोळीगीतं. सगळं नुसतं वाद्यांवर. गायक नाही, कारण गायक घेतला की बॅनरवर त्याचाच फोटो मोठा लागतो.

गोडाऊन दादांचं, म्हणजे गावच्या पुढाऱ्याचं. दादांच्या आजोबांनी त्या जागी भात लावला, वडिलांनी गवत राखलं, दादांनी पत्रे उभे केले. मोठ्या मनाचा माणूस. पहिल्या वर्षी आम्ही जागा मागायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं,

"गानारा कोन हाय?"

"कोणी नाही."

"नाचनारी?"

"नाही."

"मंग लोकांनी बगायचं काय?"

"ऐकायचं, दादा."

त्यांनी आमच्याकडे जरा दयेनेच पाहिलं आणि जागा दिली. मोबदल्यात त्यांना सुरुवातीला दोन शब्द बोलू द्यायचे. दादांचे दोन शब्द पुष्कळ वेळ चालतात, पण त्यात आम्हाला व्हायोलिनं जुळवून घेता येतात.

मास्तरांचा पूर्वी लग्नाचा बँड होता. कशेळीपासून दापोड्यापर्यंत त्यांनी वरातीत पुढे चालून वाजवलं नाही असं आगऱ्यांचं घर सापडणं कठीण. मग हळदीला डीजे आले आणि मास्तरांच्या बँडची लाल जाकिटं ट्रंकेत गेली. पण मास्तरांच्या डोक्यात बँडच्याही आधीचं एक संगीत होतं. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला बायका जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणणारी ती धवलारीण. भटजीला उशीर झालेला चालतो, धवलारणीला झालेला चालत नाही. तिने म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. मास्तर लहानपणी आईच्या मांडीला टेकून ते ऐकत झोपले. पुढे बँडमध्ये त्यांनी हजार गाणी वाजवली, धवला एकदाही नाही. धवला बायकांचा, बँड पुरुषांचा, आणि बँडला कुणी धवला मागतही नसे.

आता मागच्या हिवाळ्यात त्यांनी आईच्या एका धवल्याची चाल आमच्या वाद्यवृंदासाठी बांधली. व्हायोलिनं खाली लांब सूर धरणार, अ‍ॅकॉर्डियन श्वास घेतल्यासारखं, हवालदारांचा ड्रम अगदी बोटांनी. आणि वर क्लॅरिनेट, आईच्या जागी. तो मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी वाजवायचा ठरला होता. दात गेल्यावर क्लॅरिनेट पुन्हा वाजेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे धवला लोकांसमोर एकदा तरी वाजायचा असेल, तर तो दातांच्या आधी वाजायला हवा होता.

दातांच्या डॉक्टरकडे मी बरोबर गेले होते. मास्तरांच्या बायकोने पाठवलं होतं. "माझं आयकत न्हाईत, तुमचं तरी आयकतील," असं त्या म्हणाल्या. त्यांचा अंदाज चुकीचा होता. डॉक्टर तरुण मुलगी, बोलायला स्पष्ट.

"मास्तर, हे दोन्ही हलतायत."

"हलू देत. पडत तर न्हाईत ना?"

"आत पू आहे. साखर किती आहे माहितीये ना तुम्हाला? हे आजच काढायला हवेत."

"डॉक्टर, मना फकस्त तिसरा रविवार पायजे."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी सगले काढा. जीभ तेवढी ठेवा."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला तोंडावरचा मास्क उपयोगी पडला. तिने गोळ्या लिहून दिल्या, रोज फोन करायला सांगितलं आणि तिसऱ्या रविवारनंतरचा सोमवार पक्का केला.

पहिले दोन रविवार झाले. आणि तिसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात युद्ध लागलं.

युद्ध आमच्यापासून फार लांब होतं हे मान्य. पण भोंग्याची रंगीत तालीम आमच्याकडेही झाली. अंधार पडल्यावर उघड्यावर दिवे लावायचे नाहीत, गर्दी जमवायची नाही असं 'वरून' सांगण्यात आलं. वरून म्हणजे कुठून, हे विचारायची पद्धत नाही. कुणी खिडक्यांना काळे कागद लावले, कुणी तांदूळ भरून ठेवला. आमच्या इमारतीच्या वॉट्सअ‍ॅप गटावर पार्किंगवरून भांडणारे लोक क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यावरून भांडू लागले. आणि तिसरा रविवार रद्द झाला.

मास्तरांनी डॉक्टरला फोन लावला. फोन मोठ्या आवाजात होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"डॉक्टर, लढाय लागली."

"मला माहितीये, मास्तर."

"तर दातांना एक आठवडा वाढवून द्या."

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "एकच आठवडा. ताप आला तर तो पण नाही. आणि लढाई वाढली म्हणून परत फोन करायचा नाही."

आमची तालीम दर शुक्रवारी, लूमवाल्याच्या कारखान्यात. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. बंद लूमच्या रांगांमध्ये खुर्च्या टाकायच्या, उडालेला कापूस वाद्यांतून झटकायचा आणि सुरू करायचं. त्या शुक्रवारी मात्र कुणी सुरू करेना. मँडोलिनवाले शाळामास्तर म्हणाले, "मला सांगा, तिकडे जवान मरतायत आणि आपण इकडे वॉल्ट्झ वाजवायचा? शोभतं का?"

प्रश्न खोटा नव्हता. मी वाचलं होतं की जगातल्या मोठ्या युद्धांत कितीतरी शहरांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी बागांमधून असेच हलकेफुलके वाद्यवृंद चालू ठेवले. लोक शिधापत्रिका खिशात ठेवून ऐकायला येत. ते मी सांगणार होते, पण पुस्तकातलं बोलायला लागले की लोक जांभया देतात हा माझा अनुभव आहे. तेवढ्यात हवालदार बोलले.

"सर, मी तीन हिवाळे सीमेवर काढलेत. आमच्या चौकीवर एक रेडिओ होता, त्याच्यावर एकच स्टेशन धड लागायचं. त्याच्यावर काय यायचं? पिकांचे बाजारभाव. कांदा इतका, कापूस इतका. आम्ही सगळे पोरं देवाला हात जोडायचो, बाबा रे, एक गाणं लाव. तिकडचा जवान तुम्हाला गप्प बसा म्हणत नाहीय. टीव्हीवाला म्हणतोय."

"मग वाजवायचं?" शाळामास्तरांनी विचारलं.

"तालीम कशाला बोलावलीय? बाजारभाव ऐकायला?"

मास्तर या चर्चेत पडले नव्हते. ते कोपऱ्यात सायकलच्या ट्यूबचा रबर कापत बसले होते. त्याचा नखाएवढा तुकडा त्यांनी क्लॅरिनेटच्या तोंडावर, दात टेकतो त्या जागी चिकटवला. दाताला कंप कमी बसतो म्हणे. मग वाद्य तोंडाला लावून त्यांनी धवल्याचा पहिला सूर काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते भावनेने नव्हे. सूर मात्र सरळ होता. आम्ही गुमान आपापली वाद्यं उचलली.

अंधाराआधी संपवायचं, एकही दिवा लावायचा नाही, या अटीवर परवानगी मिळण्यासारखी होती. ती मिळवायला दादाच हवे होते. दादांनी ती एका दिवसात मिळवली आणि आल्या आल्या आमच्या हातात कार्यक्रम दिला. त्याचं नाव आता 'वीरवंदना' झालं होतं. एक मुख्य पाहुणे ठरले होते. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, निवृत्त जवानांचे सत्कार, मनोगतं आणि शेवटी 'वाद्यवृंद'.

"दादा," मी म्हणाले, "पाच वाजता सुरू करायचं आणि सातला अंधार. यात वाजवायचं कधी?"

"मॅडम, तुमी टेंशन घेऊ नका. पाहुने टायमावर येनारे मानूस हायेत."

"आणि दिवे लावायचे नाहीत तर दीपप्रज्वलन?"

दादांनी विचार केला. "देवाचा दिवा चालतो," ते म्हणाले.

बॅनरही लागला. काल्हेर नाक्यावर दादा काळ्या गॉगलमध्ये सलाम करताना, मागे ढगांतून झेपावणारं लढाऊ विमान, खाली कोपऱ्यात माचिसच्या पेटीएवढे आम्ही. हवालदार त्याच्याखाली उभं राहून बराच वेळ वर बघत होते.

"दादा, हे विमान कुठून घेतलं?"

"पोरांनी इंटरनेटवरून काडला. कडक हाय ना?"

"कडक आहे. पण त्यांच्याकडचं आहे."

दादांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "कोनाला कलतंय?" तरी रविवारी सकाळी विमानावर झेंडूची जाडजूड माळ सोडलेली होती. ढगांतून फक्त शेपूट झेपावत होतं.

रविवारी आवार भरलं. मला वाटलं होतं लोक घाबरून येणार नाहीत. आले ते नेहमीपेक्षा जास्त. आठवडाभर घरात बसून बातम्या बघितलेल्या माणसाला पत्र्याच्या शेडसमोर उन्हात बसणंसुद्धा विश्रांतीचं वाटतं. गोडाऊनमधले हमाल होते, नव्या इमारतींतली कुटुंबं होती, काल्हेरच्या आगरी बायका एक रांग धरून पुढे बसल्या होत्या. ट्रकच्या टपांवर जागा नव्हती. तिकडच्या सीमेजवळच्या गावाचा एक सरदारजी ड्रायव्हर मला ओळखायचा. त्याला माल असूनही घरच्या बाजूला जाता येत नव्हतं. "मैडम, पिछले इतवार बाजा नहीं था," तो वरून म्हणाला, "फोन देख देख के आँखें फूट गईं. आज बजेगा ना?"

"बजेगा," मी म्हणाले. मला स्वतःला खात्री नव्हती.

कारण पाहुणे यायचे होते. मास्तरांनी वेदनाशामक गोळी पाचला असर करेल अशी मोजून घेतली होती. पाच वाजले. पाहुणे निघाले आहेत असा फोन आला. साडेपाचला ते कशेळीच्या पुलाजवळ असल्याचं कळलं. ज्यांना तो रस्ता माहीत आहे त्यांना यातून काय समजायचं ते समजलं. सीमेवर सैन्य हलवणं एक वेळ सोपं असेल, रविवारी संध्याकाळी कशेळीवरून गाडी हलवणं नाही. सहाला ते कशेळीच्या पुलावर होते.

मास्तरांचा गाल सुजायला लागला होता. क्लॅरिनेट मांडीवर उभं धरून ते आवाराच्या फाटकाकडे बघत होते. पत्र्याची सावली लांब होत फलाटाखाली उतरली होती. मी दादांकडे गेले.

"दादा, आपण सुरू करू या. ते आले की थांबू."

"मॅडम, पाहुन्यांच्या आदी कार्यक्रम सुरू? त्यांचा अपमान व्हईल. मना परत तोंड दाखवायचाय त्यांना."

"मास्तरांचं तोंड बघा एकदा."

दादांनी बघितलं. त्यांना वाईट वाटलं, हे मी शपथेवर सांगेन. मास्तरांनी त्यांच्याही वरातीत वाजवलं होतं. पण आपल्याकडे माणूस वाईट वाटून घेऊ शकतो, उद्घाटन टाळू शकत नाही. "काय करू तुमीच सांगा," ते म्हणाले.

माईकवाला तेवढ्यात सवयीने माईकपाशी गेला आणि "हॅलो, हॅलो, चेक, चेक" म्हणून परत आला. पाच वाजल्यापासून तो हे करत होता. त्याला कुणी अडवलं नव्हतं. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं आणि मग दादांकडे.

"दादा, पाहुणे येईपर्यंत माईक टेस्टिंग करून घेऊ का?"

"घ्या, घ्या! नीट घ्या. मागच्या टायमाला माज्या भाषनात शिट्टी वाजत होती."

"सगळ्या वाद्यांचं घ्यावं लागेल. एकेक करून."

"घ्या ना मंग! इचारता काय?"

मी माईकपाशी गेले. आयुष्यात एवढं काटेकोर निवेदन मी केलेलं नाही. "श्रोतेहो, कार्यक्रम पाहुणे आल्यावर सुरू होईल. तोवर आम्ही ध्वनियंत्रणा तपासत आहोत. प्रथम व्हायोलिनचा माईक." आणि आम्ही वॉल्ट्झ वाजवला. अख्खा.

लोकांना पहिल्या मिनिटाला कळलं नाही. दुसऱ्या मिनिटाला कळलं. वॉल्ट्झ संपला तेव्हा टाळ्यांनी पत्रे वाजले. मी पुन्हा माईकपाशी गेले. "कृपया टाळ्या वाजवू नयेत. कार्यक्रम अजून सुरू झालेला नाही." यावर तर शिट्ट्याही आल्या. "आता मँडोलिनचा माईक."

मँडोलिनचा माईक तपासायला एक जुनी चित्रपटातली चाल लागली, अ‍ॅकॉर्डियनच्या माईकला दोन कोळीगीतं. दादा आधी घड्याळाकडे बघत होते, मग पायाने ताल धरू लागले. टपावरून सरदारजी ओरडला, "एक बार और चेक करो जी! इस तरफ कम आ रहा है!"

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. गोळीचा असर उतरला असणार, कारण कपाळ घामाने भरलं होतं आणि ते उन्हामुळे नव्हतं. ऊन आता फलाटावर नव्हतं.

"आता क्लॅरिनेटचा माईक," मी म्हणाले. त्यापुढे काहीतरी बोलायची इच्छा मला झाली, आईबद्दल, धवल्याबद्दल. बोलले नाही. टेस्टिंगला प्रस्तावना नसते.

आम्ही खालचे सूर धरले. हवालदारांनी काठ्या खाली ठेवून बोटं घेतली. मास्तरांनी वाद्य दातांवर टेकवलं, एकदा डोळे मिटले आणि सुरू केलं.

मी ती चाल तालमीत कितीदा ऐकली होती. पण लूमच्या कारखान्यात ती आमची होती; इथे पहिल्या दोन ओळींनंतर पुढच्या रांगेतल्या बायकांच्या माना वर झाल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मग कुणीतरी चाचरत शब्द लावले, मग चार-पाच जणींनी. त्यांचा आवाज क्लॅरिनेटच्या जरा पुढे पळत होता, मास्तर मागे होते. हळद लावायला नवरी नव्हती, मांडव नव्हता. ट्रकच्या आवारात, डिझेलच्या वासात, वरमाय कोण हे ठाऊक नसताना बायका हळदीचा धवला म्हणत होत्या. ज्या ड्रायव्हरांना त्यातला एक शब्द कळत नव्हता तेही टपांच्या कडेला सरकून ऐकत होते. कुणी फोन काढला नाही, निदान मला दिसला नाही. माझा एक सूर चुकला. तो कुणाला कळला नसावा.

शेवटच्या सुराला मास्तरांचा आवाज फाटला. त्यांनी तो सोडला नाही. श्वास संपेपर्यंत धरला, मग वाद्य खाली घेतलं आणि रुमाल तोंडाला लावला. रुमाल लाल झाला.

टाळ्या वाजायच्या आतच भोंगा वाजला. अर्ध्या लोकांनी आकाशाकडे बघितलं, काही जण उठून उभे राहिले, एका बाईने पोर पोटाशी धरलं. मग फाटकातून पाहुण्यांच्या पुढची गाडी आत आली. संकटाचा भोंगा आणि पाहुण्यांचा भोंगा एकसारखाच आहे, ही माहिती आम्हाला त्या दिवशी मिळाली.

त्यानंतर कार्यक्रम सुरू झाला. समई वाऱ्याने विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. दादांचे दोन शब्द झाले. पाहुण्यांनी शत्रूला इशारा दिला. तो काल्हेरपुरता नक्कीच पोहोचला. हवालदारांना मे महिन्याच्या उकाड्यात लोकरी शाल पांघरण्यात आली आणि ते ती सैनिकाच्या शिस्तीने सहन करत उभे राहिले. अंधार पडला. दादांनी जड आवाजात जाहीर केलं की वेळेअभावी आपल्या लाडक्या वाद्यवृंदाचं वादन होऊ शकलं नाही, त्याबद्दल आयोजक दिलगीर आहेत. त्यावर जो हशा पिकला तो पाहुण्यांना समजला नाही.

मास्तर फलाटाच्या मागे एका खोक्यावर बसले होते. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. त्यांच्या चेहऱ्यावर सूज होती आणि समाधान होतं. झालं एकदाचं, असं काहीतरी ते म्हणणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत तिथे आली. ती स्वतः धवलारीण, मास्तरांच्या आईबरोबर लग्नांतून गायलेली. मास्तर उठायला लागले.

"बस, बस. तुजी आई असा म्हनायची का रं?"

मास्तर गडबडले. "का? काय चुकला, काकी?"

"लगीन हाय का मयत? इतका हलू! नवरी हलद लावून सुकंल की रं."

मास्तर रुमालाआडून म्हणाले, "अगो, दात दुकत होता."

"दात तुजा. नवरीचा काय?"

"आनी लढाय चालू हाय, म्हनून जरा..."

"लढाय तिकरं. हलद इकरं." तिने काठी फलाटाच्या भिंतीला टेकवली, एका तळहातावर दुसरा आपटत ताल धरला आणि धवला म्हणायला लागली. आवाज चिरका होता, दम पुरत नव्हता, पण चाल अशी पळत होती की माझी मान आपोआप हलायला लागली. तीच चाल होती. आम्ही हिवाळाभर तिला शालीत गुंडाळून ठेवलं होतं. मास्तर ऐकत होते. त्यांची बोटं मांडीवर क्लॅरिनेटची भोकं दाबत होती.

"असा," ती थांबून म्हणाली. "आता वाजव."

"आता न्हाय वाजत, काकी. उद्या दात काडनार."

"मंग कवा?"

"पुडच्या मे मदे बगू."

"पुडच्या मे मदे मी हाय का न्हाय! तुलशीच्या लग्नाला वाजव. मी येतंय." आणि ती काठी उचलून निघून गेली. मास्तरांचं समाधान ती बरोबरच घेऊन गेली. ते खोक्यावर बसून राहिले, आणि मला दिसलं की ते चिडले आहेत. एकदाच वाजवायचा म्हणून जपलेला धवला चुकीच्या लयीत वाजला होता, आणि पुन्हा वाजवायला दात नव्हते.

सोमवारी सकाळी मी त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले. त्यांच्या हातात एक पिशवी होती, मला वाटलं रिपोर्ट असतील. दात निघाले. फारसं ओढावंही लागलं नाही. तिने कापसाचा बोळा दाबून दिला आणि आता बोलायचं नाही म्हणून बजावलं.

"तुलशीच्या लग्नाला," मास्तर बोळ्यातून म्हणाले.

"काय?"

"तुळशीच्या लग्नाआधी कवळी पाहिजे, म्हणतायत," मी सांगितलं.

डॉक्टरने हिशेब केला. हिरड्या भरायला वेळ लागेल, साखर आटोक्यात ठेवली तरच. मग मापं, मग कवळी, मग सवय. "दिवाळीपर्यंत होईल. पण मास्तर, खरं सांगते, कवळीवर क्लॅरिनेट पेलतं का, मला माहीत नाही. मी कधी बसवलेली नाही तशी. घसरू शकते."

मास्तरांनी पिशवीतून क्लॅरिनेटचा वरचा तुकडा काढला आणि तिच्या चिमट्या-आरशांच्या ट्रेमध्ये ठेवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हातमोजे बदलले, तो तुकडा उचलला, दात टेकतो ती जागा बोटाने चाचपली.

"हे किती जोरात दाबता?"

मास्तरांनी तिचं मनगट धरलं आणि दाबून दाखवलं.

"आई गं!" ती म्हणाली. "एवढं?"

मास्तरांनी मान हलवली आणि आणखी जोरात दाबलं. धवल्याची खरी लय पळती आहे आणि पळत्या लयीत वाद्य आणखी घट्ट धरावं लागतं, हे तिला समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं.